वचनपेटीतली पांढरी चिठ्ठी

पोस्टमननं ते पत्र माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी रेकॉर्डरूममध्ये बसून मेलेल्या पेशंटांचे कागद जिवंत पेशंटांच्या कागदांपासून वेगळे करत होतो. हॉस्पिटलातलं हे काम मला सर्वांत चांगलं जमायचं, कारण दोन्हीपैकी कुणीही माझ्याशी बोलायला येत नसे.

निळं आंतर्देशीय पत्र होतं. पाठवणार दोर्कस पारखे, मिशन दवाखाना, तांबडदरा. साल १९८४. मी ते उभ्यानंच वाचलं.

‘उजागरेभाऊ यांस सलाम. मी इकडे बरी आहे. एकच विचारायचं आहे. त्या दिवशी मी पेटीतून काढलेली चिठ्ठी पांढरी होती. बाकी सगळ्या पिवळ्या होत्या. ती पेटीत कुणी मुद्दाम ठेवली होती का? चिठ्ठ्या तुम्ही लिहिता, म्हणून तुम्हांला विचारते. हो किंवा नाही, एवढंच लिहा. चौदा महिने मी स्वतःमध्ये शोधते आहे. चुका पुष्कळ सापडल्या, पण ती सापडत नाही. ती माझ्यासाठी नव्हतीच असं कळलं तर शोधणं थांबवीन. होती असं कळलं तर आणखी शोधीन.’

हो किंवा नाही. इतका सोपा प्रश्न मला बी.ए.च्या परीक्षेतही आला नव्हता. पण मी पडलो वाचनाचा नाद असलेला माणूस. मला वाटलं, नुसतं ‘हो’ लिहिणं बरं दिसणार नाही, थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. त्या पार्श्वभूमीचा विचार करण्यात अडतीस वर्षं गेली.

आता ती देतो.

मोहोरगावच्या आमच्या हॉस्पिटलातून अमेरिकन मिशनरी परत गेले तेव्हा तीन गोष्टी मागे राहिल्या. चॅपेलमधला हार्मोनियम, ऑपरेशन थिएटरमधलं ऑटोक्लेव्ह आणि एक सागवानी वचनपेटी. यांतल्या हार्मोनियमची दुरुस्ती तेवढी वेळेवर व्हायची, कारण तो बिघडला की रविवारी सगळ्या मंडळीला ऐकू यायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे ऑपरेशनची हत्यारं आणि कापडं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणारं मोठं पितळी पिंप. ते बिघडलं तर फक्त पेशंटला कळायचं, तेही आठवड्यानं.

वचनपेटी आमच्या ख्रिस्ती घरांतून असतेच. शास्त्रातली वचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून त्यांच्या विडीसारख्या सुरळ्या करायच्या आणि पेटीत दाटीनं उभ्या लावायच्या. सकाळी प्रार्थना करून चिमट्यानं एक उचलायची, वाचायची आणि कामाला लागायचं. निरुपद्रवी गोष्ट आहे. वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यापेक्षा भाषा कितीतरी चांगली असते.

आमचे मॅनेजर एलिया आढाव यांनी मात्र या पेटीला हॉस्पिटलच्या कमिटीवर घेतलं होतं. मतभेद झाला की मतं मोजायची नाहीत. साहेब डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायचे, चिमटा घालून सुरळी काढायचे, आणि निघेल तो प्रभूचा निर्णय. रविवारी मेसमध्ये अंडी द्यावीत की नाही, ओपीडीला हिरवा रंग द्यावा की पिवळा, हे सगळं अशा रीतीनं थेट स्वर्गातून ठरत आलं होतं. चिमटा थिएटरमधलाच असे. निर्जंतुक केलेला. त्याच ऑटोक्लेव्हमध्ये.

माझं अक्षर बरं, म्हणून फाटलेल्या सुरळ्यांच्या जागी नव्या लिहिण्याचं काम रेकॉर्ड क्लार्ककडे, म्हणजे माझ्याकडे आलं. साहेबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “उजागरे, ही पेटी पेशंटांपुढेही जाते. भीती घालणारं काही नको. न्याय, शिक्षा, नरक असलं सगळं काढून टाका. धीर देणारं तेवढं ठेवा.”

मी आज्ञाधारक. सात-आठ वर्षांत मी पेटीतली एकूणएक दरडावणी काढून टाकली. उरलं ते सगळं ‘भिऊ नको, मी आहे, पुढे चल’ या धाटणीचं. त्याचा एक फायदा असा झाला, की साहेबांना जिकडे जायचं असेल तिकडेच देवही निघालेला असायचा.

दोर्कस पारखे आमच्या सर्जिकल वॉर्डाच्या सिस्टर होत्या. पस्तिशीच्या, सडसडीत, आवाज थोडा चढा. पहाटे चॅपेलमध्ये गुडघे टेकून पंधरा मिनिटं प्रार्थना करायच्या आणि तिथून उठून थेट वॉर्डातली बेडपॅन तपासायच्या. या दोन गोष्टींच्या मध्ये त्या चहासुद्धा घेत नसत.

एप्रिल १९८३. दुपारी त्यांनी मला थिएटरच्या मागच्या खोलीत बोलावून घेतलं.

“भाऊ, तुम्हांला इंग्रजी वाचता येतं ना चांगलं? हे मशीनचं जुनं पुस्तक सापडलंय. काट्याचं काय लिहिलंय बघा.”

मी ऑटोक्लेव्हकडे पाहिलं. मशीन बंद होतं, हात लावला तर गार. आणि दाबाचा काटा पंधरा पौंडांवर उभा होता. आमच्या साऱ्या मंडळीत एवढा अढळ विश्वास दुसऱ्या कुणाचा नव्हता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“महिना झाला. आत दाब किती होतो, देवाला ठाऊक. गेल्या नऊ ऑपरेशनांत पाच जणांच्या टाक्यांत पू झालाय. पूर्वी वर्षात पाच व्हायचे. तुम्हीच तर केसपेपर लावता, तुम्हांला दिसलं नाही?”

दिसलं होतं. मी ते तारखेप्रमाणे व्यवस्थित लावूनही ठेवले होते.

पुस्तक वाचलं. त्यात अगदी स्वच्छ लिहिलं होतं, की मशीन गार असताना काटा शून्यावर आला नाही तर ते वापरायचं नाही, कारागीर बोलवायचा. मी ते वाचून अर्थ सांगितला.

“एवढं मराठीत लिहून द्या,” सिस्टर म्हणाल्या. “खाली तुमची सही करा. कमिटीपुढे ठेवते.”

“सही?” मी म्हणालो. “म्हणजे… साहेबांना एकदा विचारून…”

तेवढ्यात साहेब आलेच. गोरापान, हसरा माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, म्हणजे समोरच्याला हलता येत नसे.

“काय म्हणतंय आमचं म्हातारं मशीन?”

“ऑपरेशनं थांबवा साहेब,” सिस्टर म्हणाल्या. “पुण्याहून माणूस येऊन दुरुस्त करीपर्यंत. डॉक्टर रणपिसे मंगळवार-शुक्रवारीच येतात, त्यांना कळवून टाकू.”

“थांबवा? सिस्टर, तीस वर्षं याच मशीनवर ऑपरेशनं झाली. मिशनरी डॉक्टर सुरी हातात घेण्याआधी गुडघे टेकायचे. आपलं खरं निर्जंतुकीकरण तिथं आहे.” त्यांनी छताकडे बोट केलं. तिथं पाल होती. “विश्वास कमी पडला की काट्यांकडे लक्ष जातं.”

“प्रार्थना मीही करते, साहेब. पण प्रार्थना झाली की डोळे उघडते. तेव्हा काटा तिथंच असतो.”

साहेब हसले. माझ्याकडे वळले. “काय उजागरे? तुम्ही काय वाचत होता?”

“जुनं पुस्तक आहे साहेब,” मी म्हणालो. “छपाई फार सुंदर आहे.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ड्रेसिंग काढल्यावर जखम अपेक्षेपेक्षा खोल निघाली की त्या जशा पाहायच्या, तसं.

मग त्यांनी स्वतःच्या सहीनं कमिटीला अर्ज दिला. आढावसाहेबांनी तो विषयपत्रिकेवर घेतला, पण येता येता त्याचं नाव बदललं. ‘ऑटोक्लेव्हची दुरुस्ती’ याच्या जागी ‘सर्जिकल वॉर्डातील असंतोष’ असा विषय आला. त्याखाली सूचना: तांबडदऱ्याच्या दवाखान्यात दोन वर्षं नर्स नाही, सिस्टर पारखे यांची तेथे सेवेसाठी बदली करावी. तांबडदरा म्हणजे घाटमाथ्यावर, शेवटच्या एसटी थांब्यापासून आठ किलोमीटर चालत. तिथं ऑपरेशनं होत नसत, म्हणजे असंतोषाला जागाच नव्हती.

विषयपत्रिका मीच लिहिली. अक्षर बरं, म्हणून.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. सुनंदा शाळेत शिक्षिका होती, दिवसभर चाळीस पोरांशी बोलून आलेली असायची, तरी तिच्याजवळ माझ्यासाठी चार शब्द शिल्लक असत.

“मग उद्या बोला की तुम्ही,” ती म्हणाली. “पुस्तकातल्या चार ओळी वाचून दाखवायच्या. तुमचं मत कुठं विचारलंय कुणी?”

“वेळ आली की बोलेन.”

“वेळ बिचारी येते हो. तुम्ही येत नाही.”

मला ते लागलं. पण माझ्यासारख्या माणसाला टोचणी लागली की तो बोलत नाही, लिहितो. दुसऱ्या दिवशी बुधवार होता, चार वाजता कमिटी. जेवणाच्या सुट्टीत मी रेकॉर्डरूमचं दार लावून घेतलं. मिशनऱ्यांच्या वेळचे पिवळे कागद संपले होते, म्हणून नव्या पांढऱ्या कागदाची पट्टी कापली. आणि वर्षानुवर्षांपूर्वी मीच पेटीतून हद्दपार केलेलं एक वचन माझ्या उत्तम अक्षरात लिहून काढलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते. आपल्याकडे ते देवळात न जाणाऱ्यालाही पाठ असतं.

माझी योजना मला स्वतःलाच फार आवडली. अकरा वर्षं मी कमिटीचं इतिवृत्त लिहीत होतो. साहेब डोळे मिटून, चेहरा वर करून सुरळी काढायचे, आणि दर वेळी त्यांचा चिमटा पेटीच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यात जायचा. डोळे मिटलेला माणूस हात कुठे नेतो हे त्याला स्वतःला कळत नाही, पण समोर बसलेल्या कारकुनाला कळतं. मी ती पांढरी सुरळी त्याच कोपऱ्यात लावली. हुकू नये म्हणून इतरांपेक्षा जराशी वर ठेवली.

म्हणजे बघा. प्रभूनं साहेबांना चार लोकांत सुनवावं, सिस्टरांची बदली टळावी, मशीन दुरुस्त व्हावं, आणि एवढं सगळं होताना माझं तोंड उघडू नये. इतकी सोयीस्कर प्रार्थना त्या चॅपेलमध्ये कुणी कधी केली नसेल.

चार वाजता सगळे जमले. साहेब, पाळकसाहेब, कमिटीचे तिघे मेंबर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सिस्टर, आणि कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन मी. सिस्टरांनी मशीनबद्दल सांगितलं. कुणी खोडून काढलं नाही. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, “बाई, एवढा आवाज चढवून प्रभूचं काम होत नाही.”

“पाळकसाहेब, गेल्या मंगळवारच्या बाईच्या पोटातनं अजून पू येतोय. ती ओरडते त्यापेक्षा माझा आवाज कमीच आहे.”

“बघा,” साहेब हळुवारपणे म्हणाले, “हाच असंतोष.” मग पेटी पुढे ओढली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. मला चिमटा पाहायचा होता.

साहेबांची प्रार्थना पाच-सात मिनिटं चालली. आमेन झालं. त्यांनी चिमटा उचलला. उजव्या पुढच्या कोपऱ्याकडे नेला.

आणि त्यांनी तो खाली ठेवला.

“आज मी काढत नाही,” ते म्हणाले. “उद्या कुणी म्हणायला नको, की आढावनं निर्णय घेतला. ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनीच प्रभूला विचारावं. सिस्टर, तुम्ही काढा. निघेल ते तुम्हांला मान्य?”

“प्रभूचं असेल तर मान्य,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांना भीती नव्हती. त्यांचा त्या पेटीवर खरोखर विश्वास होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सबंध खोलीत त्यांचा एकट्यांचाच होता. साहेबांचा नव्हता, कारण आत फक्त ‘पुढे चल’ आहे आणि पुढे तांबडदरा आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझा तर नव्हताच.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. नर्सच त्या. गर्दीतून धागा उचलायचा तर जे टोक वर आलं असेल ते धरायचं, ही हाताची सवय. चिमटा सरळ पांढऱ्या सुरळीवर गेला.

मी अर्धा उठलो. खुर्ची मोठ्यानं वाजली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“उजागरे?” साहेब म्हणाले. “काही म्हणायचंय?”

त्या क्षणी नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. एक शब्द. मी हजारो पुस्तकं वाचली होती, शब्दांची मला वाण नव्हती.

“पाणी आणू का सगळ्यांना?” मी म्हणालो.

“आणा.”

मी पाणी घेऊन आलो तोवर सिस्टरांनी सुरळी उलगडून वाचलेली होती. अकरा वर्षांत त्या पेटीतून कुणालाही फटकार मिळाली नव्हती. सिस्टर त्या पट्टीकडे पाहत उभ्या होत्या. त्यांचा रंग उतरला होता. पुन्हा वाचली. मग ती नीट गुंडाळून टेबलावर ठेवली.

“मी अर्ज मागे घेते,” त्या म्हणाल्या. आवाज चढा नव्हता. “तांबडदऱ्याला कधी जायचं?”

पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, प्रभू अजून बोलतो. मेंबरांपैकी एकानं ‘आमेन’ म्हटलं. मी सिस्टरांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्या प्यायल्या नाहीत.

इतिवृत्तात मी लिहिलं: ‘सिस्टर पारखे यांनी प्रभूची वाणी नम्रतेने मान्य केली. सभा आनंदाने संपली.’

सगळे गेल्यावर साहेब मागे थांबले. पेटीचं झाकण लावता लावता म्हणाले, “उजागरे, ते वचन पेटीत होतं का हो?”

“असेल, साहेब.”

त्यांनी पेटी कपाटात ठेवली. मग खांद्यावर हात ठेवला. “प्रभूचं सामर्थ्य मोठं आहे,” म्हणाले. पुढच्या जानेवारीत मला एक जादा इन्क्रिमेंट मिळालं.

शनिवारी सिस्टर वॉर्डाचे कागद माझ्याकडे जमा करायला आल्या. एक ट्रंक, एक वळकटी व्हरांड्यात ठेवलेली होती.

“मोजून घ्या, भाऊ.”

“तुमचे बरोबरच असणार.”

“त्या दिवशी तुम्ही उठला होता. काही बोलणार होता का?”

“नाही. ते… पाणी.”

“हां, पाणी,” त्या म्हणाल्या. “बरं. सलाम, भाऊ. सुनंदाबाईंना सांगा.”

मशीन तसंच चालू राहिलं. साहेबांचा हर्निया मे महिन्यात निघाला. ते ऑपरेशनसाठी पुण्याला गेले, विश्वास मोहोरगावला ठेवून. जून-जुलैत आमच्याकडे अकरा ऑपरेशनं झाली. अकरांतली एक गयाबाई खरात. वय अठ्ठावीस, सिझेरियन, मूल सुखरूप. सतराव्या दिवशी ती गेली. तिच्या मृतदेहापुढे पाळकसाहेब म्हणाले, प्रभूनं दिलं, प्रभूनं नेलं. तिचा नवरा ख्रिस्ती नव्हता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, नेमकं झालं काय हो?” मी त्याला केसपेपरची नक्कल काढून दिली. सुवाच्य अक्षरात.

त्यानंतर डॉक्टर रणपिसे स्वतः भडकले. ऑगस्टमध्ये पुण्याहून कारागीर आला. वीस मिनिटांत त्यानं काटा खाली आणला. गयाबाईचा कागद मी जिवंतांच्या गठ्ठ्यातून काढून दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला.

पुढच्या वर्षी सिस्टरांचं ते निळं पत्र आलं. मी उत्तर लिहायला बसलो, एकदा नाही, पुष्कळदा. ‘हो’ लिहिलं तर लगेच पुढचं विचारतील: मग तेव्हाच का बोलला नाहीत? ‘नाही’ लिहिलं तर खोटं. शिवाय मी स्वतःला एक सुंदर समजूत घालून दिली होती. बाई तिथं रमल्या आहेत, त्यांच्या हातून शेकडो बाळंतपणं सुखरूप होत आहेत, ती चिठ्ठी म्हणजे त्यांचं बोलावणं आहे, ते आपण का काढून घ्यायचं? भित्र्या माणसाला अध्यात्म फार लवकर समजतं.

आणखी एक गंमत झाली. त्या प्रसंगाचा उपदेश झाला. पाळकसाहेबांनी तो प्रथम आमच्या चॅपेलमध्ये सांगितला, मग तालुक्याच्या मेळाव्यात, मग दुसऱ्या पाळकांनी उचलला. ‘एका परिचारिकेची नम्रता.’ तक्रार घेऊन आलेली बाई, प्रभूनं तिलाच आरसा दाखवला, आणि ती गुपचूप डोंगरात गेली. निवृत्त होऊन नगरला आल्यावरही मी तो तीन वेगवेगळ्या मंडळ्यांत ऐकला. एकदा बाईंना दृष्टान्तात पिवळा प्रकाशही दिसला होता. मी दर वेळी पहिल्या रांगेत बसून मान हलवायचो. सुनंदा शेजारी असायची. तिला मी कधी सांगितलं नाही, पण तिनं एकदा गाणं चालू असताना माझ्या कानात विचारलं, “त्या दिवशी चिठ्ठी तुम्हीच लिहिली होती ना?” मी गात राहिलो. मी कधी गात नाही, यावरून तिला काय ते कळलं असावं. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात मोहोरगावच्या नव्या पाळकाचा फोन आला. तरुण, उत्साही मुलगा.

“सलाम, आजोबा! हॉस्पिटलची शताब्दी आहे. स्मरणिका काढतोय. तुमचा लेख पाहिजे. विषय ठरलाय: रोजच्या कामात विश्वास. ती वचनपेटीची गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली ना?”

“पाहिली.”

“मग झालं तर! आणि पारखेबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलंय. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, तांबडदऱ्यालाच राहतात अजून. मंडळीपुढे साक्ष द्या म्हटलं त्यांना. त्या चिठ्ठीनं आयुष्य कसं बदललं, ते सांगा म्हटलं.”

“काय म्हणाल्या?”

“हसल्या. म्हणाल्या, उजागरेभाऊ आहेत का अजून? त्यांच्याकडून माझं एक उत्तर यायचं राहिलंय. ते आल्याशिवाय साक्ष देता येत नाही. खरं की खोटं ते मलाच माहीत नाही, तर मंडळीला काय सांगू?” मग त्यानं विचारलं, “काय होतं हो आजोबा ते?”

अडतीस वर्षं मी समजत होतो, की बाईंना कुणीतरी उत्तर दिलं असेल. निदान देवानं.

“पाणी आणायला गेलो होतो,” मी म्हणालो. “ते राहिलंच.”

“काय?”

“लेख देता येणार नाही मला. पण त्यांचा पिन कोड सांगा.”

पहिलं पत्र पाच पानांचं झालं. त्यात मिशनच्या इतिहासावर दीड पान होतं. फाडलं. दुसऱ्यात मी इतका सुंदर पश्चात्ताप केला होता, की वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. तेही फाडलं. तिसऱ्यात क्षमा मागता मागता मी त्यांना मला धीर देण्याच्या कामाला लावलं होतं. मग एका कागदावर उरलं ते एवढं:

‘पारखेसिस्टर यांस सलाम. हो. चिठ्ठी मी त्याच दिवशी दुपारी लिहिली आणि आढावसाहेबांनी काढावी म्हणून वर ठेवली. ती तुमच्यासाठी नव्हती. तुम्ही काढलीत तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. मशीनबद्दल तुमचं म्हणणं खरं होतं. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. तुम्ही गेल्यावर गयाबाई खरात नावाची बाई त्याच मशीनमुळे गेली, हे तुम्हांला कुणी कळवलं नसेल. शोधणं थांबवा. मंडळीपुढे हे पत्र वाचून दाखवायला माझी हरकत नाही. मी तिथं येऊन बसेन.’

शेवटचं वाक्य लिहून पेन खाली ठेवलं. प्रार्थना करावी असं वाटलं. पण माझ्या प्रार्थना मला माहीत आहेत. उठण्याऐवजी केलेल्या असतात. म्हटलं, आधी पोस्ट, मग प्रार्थना.

पोस्टात खिडकीवर एक मुलगी होती. तिनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, उलटंपालटं केलं.

“आजोबा, मागे पाठवणाऱ्याचं नाव नाही.”

“लागतंच का?”

“स्पीड पोस्टला लागतं. नाव, पत्ता, मोबाईल. नाहीतर कुणी पाठवलं कसं कळणार?”

तिनं पेन पुढे केलं. मागे रांग होती, कुणीतरी खोकत होतं. मी पाकीट उलटं केलं आणि कोपऱ्यात लिहिलं, शांतवन गमलियेल उजागरे. अक्षर पहिल्यासारखं राहिलेलं नाही. वाचता येईल एवढं आलं. मुलीनं ते मोठ्यानं वाचून कॉम्प्युटरवर टिपलं, पाकिटावर शिक्का मारला आणि मागच्या थैलीत टाकून दिलं.